पिठल्याचा कैवार

मागें राहात्यास एका संस्थेच्या वार्षिक समारंभांत 'आहार आणि संस्कृति' या विषयावर एका विद्वान् गृहस्थांचें व्याख्यान झालें. गृहस्थ बहुश्रुत होते, वाणी ओघवती होती आणि विषय असा कीं टाळ्या हमखास पडाव्या. हल्लींच्या स्त्रिया स्वयंपाकाचा कंटाळा करतात. दहा मिनिटांत उरकणारें जेवण हें संस्कृतीच्या ऱ्हासाचें लक्षण आहे. आपल्या आज्या दोन्ही वेळां ताजें, डाव्याउजव्या बाजूंनीं सजलेलें पान वाढीत असत. असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश होता. व्याख्यानानंतर पुरणपोळीचें जेवण झालें व वक्त्यांनीं पुरणाची तोंडभर स्तुति केली. ज्या बायांनीं तें पुरण वाटलें त्यांपैकीं एकही व्याख्यानास हजर नव्हती, कारण व्याख्यान चाललें होतें त्या वेळीं त्या मागील पडवींत पोळ्या लाटीत होत्या. ही गोष्ट सभेंत कोणाच्या ध्यानांत आल्याचें दिसलें नाहीं. आमच्याही ध्यानांत ती हात धुतांना आली, हें कबूल केलें पाहिजे.

सभेंत उत्तर देणें शिष्टाचारास सोडून झालें असतें म्हणून आम्ही गप्प बसलों. येथें तसें बंधन नाहीं.

प्रथम त्या आजीचा निकाल लावूं. ही आजी कोण? दहापंधरा माणसांच्या वाड्यांत राहणारी, जिच्या हाताखालीं तीन सुना आणि घरांतील एकदोन विधवा पहाटेपासून राबत असत, ती. तशी आजी होती, नाहीं असें नाहीं. परंतु गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांचें पाणी येण्यापूर्वीं आमच्या या मुलखांत जी आजी होती, तिच्या पानांत बाजरीची भाकरी, एक कालवण आणि ठेचा किंवा कांदा, याहून अधिक कांहीं सणावाराखेरीज पडत नसे. दिवसभर रानांत खुरपून ती दिवेलागणीस घरीं येई आणि पिठलें करी, नाहीं तर हुलग्याचे शेंगोळे करी. नगरी मुलखाबाहेरील वाचकांस शेंगोळे कदाचित् परिचित नसतील. हुलग्याच्या पिठांत लसूण, मिरची, जिरें वाटून घालावें, पीठ घट्ट मळावें, हातावर त्याच्या लांबट वळ्या कराव्या आणि फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यांत सोडाव्या. वळ्या शिजतां शिजतां पाणी दाट होतें तेंच कालवण. भाकरी थापावयास नको, भाजी निवडावयास नको. एक पातेलें आणि एक चूल. वरणफळें काय, कण्या काय, त्याच जातीच्या. तेव्हां ज्या झटपट जेवणास वक्त्यांनीं परकें ठरविलें तें येथलेंच रहिवासी आहे. चार पदार्थांचें रोजचें पान हाच या घरांत मागाहून आलेला पाहुणा होय.

दुसरें असें कीं, हा वेग येतो कोठून याचा विचार वक्त्यांनीं कधीं केला नसावा. थालीपीठ पंधरा मिनिटांत होतें, कारण भाजणी डब्यांत तयार असते. आणि भाजणी डब्यांत असते, कारण वैशाखाच्या उन्हांत कोणीतरी बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरें वेगवेगळें भाजून दळून आणलेलें असतें. मेतकूटभात पांच मिनिटांचा, परंतु मेतकूट पांच मिनिटांचें नव्हे. सांडगे, पापड, कुरडया यांचेंही तसेंच. ही युक्ति आमच्या पूर्वजांची. (पूर्वज स्त्रियांची, असें म्हणूं. पूर्वज पुरुषांकडे वाळवणावरचे कावळे हांकण्याचें काम असे, आणि तेंही ते मुलांवर सोंपवीत.) तेव्हां वेळ उन्हाळ्यांत सांठवीत आणि पावसाळ्यांत खर्चीत. आतां वैशाखांतही मास्तरीणबाईंस उत्तरपत्रिका तपासावयाच्या असतात, आणि परिचारिकेस रात्रपाळी चुकत नाहीं. तिनें भाजणी बचत गटाच्या बाईकडून विकत आणली तर त्यांत लाज कसली? त्या बाईस तरी कष्टांचे चार पैसे मिळतात. सासूला तिच्या भाजणीबद्दल कोणीं कांहीं दिलें नव्हतें.

१९१० हें साल या बाबतींत मोठें बोलकें आहे. त्या सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हें पुस्तक निघालें, आणि त्याच सुमारास कलकत्त्यास इंदुमाधव मल्लिक यांनीं आपला 'इकमिक कुकर' तयार केला. एकीकडे हजार कृति. दुसरीकडे डब्यावर डबा रचून खालीं निखारे घातले कीं भात, डाळ, भाजी एकदम शिजवून देणारें एक भांडें. बिऱ्हाडापासून दूर, खोलींत एकट्या राहणाऱ्या नोकरदारांची त्यानें मोठीच सोय झाली, आणि त्यांस कोणीं संस्कृतिभ्रष्ट म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. पुरुषावर स्वतः शिजवावयाची पाळी आली कीं कष्ट वांचविणें ही विद्या ठरते. स्त्रीनें तेंच केलें कीं तो आळस. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांनीं 'रुचिरा'मध्यें वाटी-चमच्याचें माप दिलें, तेव्हां सासूच्या देखरेखीबाहेर संसार मांडणाऱ्या मुलींची अडचण त्यांनीं ओळखली होती. अमेरिकेंत पेग ब्रॅकन या बाईंनीं तर १९६० सालीं आपल्या पाकपुस्तकाच्या नांवांतच स्वयंपाकाचा तिटकारा जाहीर केला, आणि तें पुस्तक लाखांनीं खपलें. मराठींत तसें नांव अजून आमच्या पाहण्यांत नाहीं. आमच्याकडे अन्नपूर्णेस कंटाळा येण्याची मुभा नाहीं.

राहात्याहून शिर्डी फार तर दोन कोसांवर. तेथें साईबाबा संस्थानच्या प्रसादालयांत २००९ सालीं सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून तिच्यावर अन्न शिजविण्याची योजना बसविण्यांत आली. हजारों माणसें तें अन्न जेवलीं. त्यांतला एकही भक्त उठून म्हणाला नाहीं कीं यंत्राच्या वाफेमुळें प्रसादांतील माया उणावली. मग घरच्या कुकरनेंच ती कशी उणावते? आणि साईसच्चरितांत तर वर्णन आहे कीं बाबा स्वतः बाजारांतून जिन्नस आणीत, मसाला वाटीत आणि हंडी चढवीत. त्यांच्या भक्तांपैकीं किती गृहस्थ घरीं मसाला वाटतात, हें त्यांच्या गृहिणींनाच विचारावें.

आतां थोडे आंकडे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं लोकांच्या वेळेच्या विनियोगाची देशभर पाहणी केली. तींत घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं त्या कामीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें जातात, आणि पुरुषाचीं ९७, असें आढळलें. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे २८९ आणि ८८ असे झाले. स्त्रियांचीं दहा मिनिटें सुटलीं तीं पुरुषांनीं उचललीं असतील असें वाटावें, तर त्यांनींही आपलीं नऊ मिनिटें सोडून दिलीं! शिवाय ही पुरुषांची सरासरी जे घरकामास हात लावतात तेवढ्यांचीच; बहुतेक पुरुष त्या हिशेबांत येतच नाहींत.

आणि ज्यांचा हिशेब कोणींच नीट मांडीत नाहीं त्या बायाही येथें आहेत. १९५० सालीं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो याच भागांत. दर हंगामांत बीडकडील ऊसतोडीच्या टोळ्या नगरच्या या ऊसपट्ट्यांत उतरतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उजाडण्यापूर्वीं बाई कोपीपुढें तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकऱ्या थापते, मग ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि अंधार पडल्यावर पुन्हां त्याच चुलीपुढें बसते. कोयता दोघांचा, चूल तिची एकटीची. वक्त्यांनीं आपलें 'ताजें, साग्रसंगीत' हें विशेषण एकदां तिच्यापुढें उच्चारून पाहावें.

बाजारांत दोन मिनिटांच्या नांवानें मिळणाऱ्या शेवयांचा कैवार आम्ही घेत नाहीं. मैदा आणि मीठ यांवर मुलें वाढवावीं असें आमचें म्हणणें नव्हे. परंतु त्या शेवयांसाठीं पिठल्यास, खिचडीस आणि दहीपोह्यांस धारेवर धरणें म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळीं देणें होय.

हें सर्व आम्ही कोणत्या अधिकारानें लिहितों, असा प्रश्न आमच्या घरांतूनच आला आहे, आणि तो रास्त आहे. आमच्या सौभाग्यवती सव्वीस वर्षें माध्यमिक शाळेंत नोकरी करून संध्याकाळीं पोळी, भाजी, आमटी, भात रांधीत आल्या, आणि आम्ही, महाविद्यालयांत स्त्रीस्वातंत्र्यावरील इंग्रजी निबंध शिकवून परत आल्यावर, एखादे दिवशीं ताटाकडे पाहून "आज पिठलंच का?" असें विचारीत आलों. त्यांतील तो 'च' आज आम्हांस बोचतो. तीन वर्षांपूर्वीं त्यांस चिकुनगुन्या झाला. ताप गेला, पण सांधे धरले. दोनअडीच महिने लाटणें हातांत धरवेना. तेव्हां, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, आम्ही प्रथम स्वयंपाकघरांत कामासाठीं शिरलों. हिंग कोठें असतो हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पहिल्याच आठवड्यांत एक गोष्ट कळली, जी कोणत्याही पाकपुस्तकांत आम्हीं वाचली नव्हती: दमणूक हातांची थोडी, आणि 'आज काय करावें' या विचाराची फार. तो विचार सकाळीं उठल्यापासून मागें लागतो, वर्गांत शिकवितांनाही सुटत नाहीं, आणि एक जेवण उरकलें कीं दुसऱ्याचा सुरू होतो. आम्ही तोही भार स्वतः न उचलतां अंथरुणावरील माणसास दिवसांतून वीस वेळां विचारीत होतों, काय करूं, किती घालूं, कोठें आहे. त्यांची विश्रांति आमच्या प्रश्नांतच संपे.

शेवटीं त्यांनींच वार लावून दिले. सोमवारीं मुगाच्या डाळीची खिचडी, मंगळवारीं थालीपीठ, बुधवारीं शेंगोळे, गुरुवारीं पिठलें, शुक्रवारीं मेतकूटभात. भाकऱ्या हव्या असतील तेव्हां गांवांतील पोळीभाजी केंद्रांतून आणावयाच्या. चार पदार्थ केवळ रविवारीं, आणि तेही दोघांनीं मिळून. सौभाग्यवतींची प्रकृति सुधारली. वार मात्र आम्हीं मोडूं दिले नाहींत, कारण तसें केलें असतें तर आजारानें मिळालेली सवलत बरें होतांच काढून घेतल्यासारखें झालें असतें. स्वयंपाकांत वांचलेल्या वेळांत पूर्वीं त्या आमचे सदरे इस्तरी करीत. आतां तेंही बंद आहे. एक वडीलधारे नातलग बुधवारीं आले, पानांतील शेंगोळे पाहून त्यांनीं हळू आवाजांत विचारलें, "सूनबाईंना अजून बरं वाटत नाही का?" त्यांस उत्तर आम्हीं दिलें. तें येथें छापण्यासारखें नाहीं.

आज गुरुवार आहे. हा लेख अर्धा टाकून उठावें लागणार. बेसन चाळून ठेविलें आहे. फोडणीच्या पाण्यास उकळी आली कीं एका हातानें पीठ पेरावयाचें आणि दुसऱ्या हातानें ढवळीत राहावयाचें. गुठळ्या अजून होतात. सौभाग्यवती बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसल्या आहेत, आणि तेथूनच विचारीत आहेत, "मीठ घातलंत का?"

घातलें नव्हतें.