जयंतीचा पेढा आणि हृदयाचा ठोका

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले ते १९५० साली, बाबासाहेब हयात असताना. या गोष्टीचा आम्हा कोल्हापूरकरांना सार्थ अभिमान आहे. १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत पेढे, जिलेबी, सरबत यांची रेलचेल असते. आनंद साजरा झालाच पाहिजे. परंतु ज्या महामानवाच्या नावाने आपण गोड वाटतो, त्यांनाच मधुमेह होता, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असते?

राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असतानाच बाबासाहेबांना मधुमेहाने आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी ग्रासले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. त्यानंतरची आठ वर्षे ते या आजाराशी झुंजत लिहीत राहिले, लढत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा, नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद आणि ६ डिसेंबरला दिल्लीत झोपेतच महापरिनिर्वाण. वय अवघे ६५ वर्षे. त्यांचा धम्मग्रंथ प्रकाशित झाला तो १९५७ साली, त्यांच्या पश्चात. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही देणारे राजर्षी शाहू महाराज तर १९२२ साली हृदयविकाराने गेले. त्यांना ४८ वे वर्ष चालू होते. या माणसांना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर? हा प्रश्न आजही मनाला टोचतो.

त्यांनी शरीर झिजवले ते समाजासाठी. आपण मात्र निष्काळजीपणाने मरतो आहोत. मागे एका कार्यकर्त्याच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. पन्नाशीचा गडी. दहा वर्षे साखरेचा त्रास. रात्री मळमळले, दरदरून घाम आला. घरचे म्हणाले, पित्त झाले असेल. सोडा पाजला. छातीत कळ नव्हती, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. सकाळी माणूस संपला होता. सगळे म्हणत होते, 'अचानक गेला.' अचानक नव्हे! दहा वर्षे हळूहळू चालले होते, आपण बघितले नाही.

मधुमेहाने मज्जातंतू निकामी होतात. पायाला खिळा लागला तरी कळत नाही, तसाच हृदयाचा झटकाही कधी कधी कळत नाही. वेदनेची वर्दीच मेंदूपर्यंत जात नाही. म्हणून मधुमेह्याला अकारण घाम, धाप, मळमळ, एकदम गळून जाणे असे काही झाले, तर ते पित्त समजू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा. साखर वाढलेले रक्त रोहिण्यांना आतून इजा करते, त्यात चरबी साठते. त्यामुळे मधुमेह्याला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा दुप्पट ते चौपट असतो.

म्हणूनच केवळ साखर मोजून भागत नाही. तीन आकडे पाठ हवेत. तीन महिन्यांची सरासरी साखर बहुतेकांसाठी ७ टक्क्यांच्या खाली, रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि वाईट कोलेस्टेरॉल १०० च्या खाली. हृदयविकार आधीच असेल तर ते त्याहूनही बरेच कमी लागते. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा ईसीजी करावा. साखर उतरली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. जडीबुटीवाल्या बाबाच्या पुडीवर विश्वास ठेवणारा माणूस बावीस प्रतिज्ञा घेऊन काय शिकला?

आपल्या कोल्हापुरात आणखी एक गैरसमज आहे. साखर वाईट, गूळ चालतो! गूळही रक्तात साखरच वाढवतो. मिसळीचा कट, लोणचे, पापड यांतून तेल-मीठ जाते आणि रक्तदाब चढतो. तंबाखू, मिश्री, बिडी आणि दारू यांविषयी वेगळे सांगायला नको; पाचवे शील आपण रोज म्हणतो. 'आठवड्याला दीडशे मिनिटे चाला' हा सल्ला रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांना सोपा आहे. फौंड्रीत रात्रपाळी करणाऱ्या किंवा पहाटे शहर झाडणाऱ्या आपल्या बांधवाला जेवणाची वेळही पाळता येत नाही. म्हणून हा प्रश्न एकट्याच्या पथ्याचा नाही, तो हक्काचाही आहे.

वकील या नात्याने सांगतो, हा हक्क कागदावर आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास समाविष्ट असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए नुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. तातडीचा उपचार न देणे हा सरकारी रुग्णालयाने केलेला कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ सालीच सांगितले. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात सुरू झाले आहे. दाद मागायला आता मुंबई गाठायला नको. पण मागितल्याशिवाय कोण देतो?

आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हाताने केली होती. मग आपल्या विहारात रक्तदाबाचे आणि साखर मोजण्याचे यंत्र का असू नये? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन्ही येतात आणि वर्षभराच्या पट्ट्याही येतात. दर पौर्णिमेला वंदनेनंतर उपासक-उपासिकांची तपासणी व्हावी, वहीत नोंद ठेवावी. ज्याचा आकडा वाढला त्याला कोणीतरी सोबत घेऊन दवाखान्यात जावे. वस्तीतल्या एका तरुणाने योजनेची कागदपत्रे पाहावीत. येत्या १४ एप्रिलला पेढा जरूर वाटा, पण शेजारी हे यंत्रही ठेवा. बाबासाहेबांना जी वर्षे मिळाली नाहीत, ती निदान त्यांच्या अनुयायांना तरी मिळू द्या. चळवळीला माणसे हवी आहेत, जिवंत माणसे!

जयभीम!