घासून जाणारा डाग नाही तो, साहेब!

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेचा कार्यक्रम. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी चौथीतल्या पोराला सगळ्यांसमोर विचारलं, "दात घासत नाहीस का रे?" पोरगं म्हणालं, "घासतो जी, पण जातच नाही." सगळे हसले. बातमी करायला गेलेला मीही हसलो. लाज वाटली ती घरी आल्यावर.

तो डाग आळसाचा नाही. दात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पाण्यातून पोटात गेलेल्या जादा फ्लोराईडचा आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. हेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की हाडं धरतात. मान वळत नाही, कंबर वाकत नाही. आपण त्याला वात म्हणतो अन् मेडिकलमधून गोळ्या आणतो. वाकडं झालेलं हाड पुन्हा सरळ करणारं औषध नाही.

पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, फ्लोराईड तेवढंच राहतं. ते येतं खडकातून, आणि खोल बोअरचं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं. म्हणजे टंचाईवर उपाय म्हणून आपण खोल खोल बोअर मारतो, नारळ फोडतो, फोटो काढतो आणि बरेचदा हेच वर आणतो.

विचारलं की उत्तर ठरलेलं: "हातपंपाला लाल रंग मारला आहे." अहो, नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल तर बाई त्याच लाल पंपावर जाणार ना! त्या गावातलं आरओ यंत्र मोटर जळाल्यापासून बंद आहे. चालू होतं तेव्हा त्याचं टाकाऊ पाणी, ज्यात फ्लोराईड आणखी जास्त असतं, पंपाच्या शेजारीच सोडलेलं. (ही अक्कल कुणाची, ते अजून कळलं नाही.)

तंत्र नाही म्हणावं, तर तुरटी, चुना अन् ब्लीचिंग पावडरने फ्लोराईड काढायची नलगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरीने काही दशकांपूर्वी दिली. केंद्राचा फ्लोरोसिस कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. नाही तो रोज यंत्र चालवणारा माणूस आणि त्याचा पगार.

येत्या ग्रामसभेत एवढंच मागा: गावातल्या प्रत्येक बोअरचा फ्लोराईडचा आकडा, तारखेसह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. दिला तर फोटो पाठवा, मी छापतो. नाही दिला तर तेही कळवा, तेही छापतो.