अंथरूण पाहून कॅबिनेट

मित्रांनो (आणि चुकून हे पान उघडलेल्या सर-मॅडमनो), माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा चुका पोटात घाला. मुद्दा मात्र पक्का आहे.

सेकंड इयरला मी गेमिंग पीसी असेंबल करायला घेतला. हॉस्टेलचं टेबल जेमतेम अडीच फुटी, त्यावर मॉनिटर, पुस्तकं आणि रूममेटचा मॅगीचा टोप. म्हणून छोटं कॅबिनेट हवं होतं. समोर काच, आत रंगीत दिवे, किंमत २८०० रुपये. पाहिलं, आवडलं, घेतलं. रूमवर आणून बघते तर ग्राफिक्स कार्ड बसेना! कार्ड ३०० मिमी, आतली जागा २८०. दुकानदार म्हणाला, "खोललेला माल परत घेत नाही." पैसे पप्पांच्या ओव्हरटाइमचे. पप्पा प्रेस शॉपमध्ये आहेत, पत्र्याचं माप हेच त्यांचं आयुष्य. ते एवढंच म्हणाले, "अगं, टेप नव्हती का?" त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की कॅबिनेट डोळ्यांनी नाही, टेपने निवडावं.

सगळ्यात छोटं म्हणजे सगळ्यात स्वस्त, हा पहिला गैरसमज. २००१ साली आलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिमी चौरस. दिसतो गोंडस, पण बोर्ड महाग, आणि अगदी छोट्या डब्यात बहुतेकदा एसएमपीएसही छोटा, म्हणजे आणखी महाग लागतो. डब्यावर वाचवलेलं आत जातं. त्यापेक्षा २४४ मिमी चौरस मायक्रो-एटीएक्स घ्या. बोर्ड स्वस्त, एसएमपीएस नेहमीचा, आणि ४० बाय २० बाय ३८ सेंटीमीटरच्या डब्यात सगळं मावतं. म्हणजे साधारण ३० लिटर. टेबलावर बसतं, सुट्टीत मांडीवर घेऊन एसटीनेही नेता येतं.

दुसरं, काच की जाळी? कार्ड आणि प्रोसेसर मिळून ३०० वॉट खात असतील, तर शंभराचे तीन बल्ब डब्यात पेटवल्यासारखंच झालं. एप्रिलमध्ये आपल्या रूममध्ये माणसं शिजतात, तिथे समोर काच लावून त्या बिचाऱ्या कार्डाने श्वास कुठून घ्यायचा? जाळीच हवी. आणि चिखलीची धूळ, त्यात शेडमधल्या ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा, म्हणून जाळीमागे धुता येणारा फिल्टरही हवा.

सीनियर्स सांगायचे, कुदळवाडीच्या भंगारातून ऑफिस पीसीचा डबा आण. कुदळवाडीतली गोदामं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. आणि तसंही ब्रँडेड ऑफिस पीसीच्या डब्यात पुष्कळदा त्यांच्याच मापाचे बोर्ड नि एसएमपीएस बसतात. तो जुगाडही बेभरवशाचा.

आता सरांसाठी एक विनंती. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही जीआय पत्र्याचा ट्रे बनवतो. मार्क मिळतात आणि ट्रे भंगारात जातो. त्याऐवजी कॅबिनेट का नको? मायक्रो-एटीएक्सच्या भोकांची मापं जगजाहीर आहेत. पत्रा कापणं, वाकवणं, कडा दुमडून धार मारणं, रिव्हेट, सगळं सिलॅबसमध्येच आहे. एसएमपीएस मात्र चांगल्या कंपनीचाच घ्यायचा आणि पत्र्याला अर्थिंग नीट मिळतंय ना हे तपासायचं. पीसीच्या बाकी पार्टसाठी आपण परदेशावर अवलंबून असू, पण पत्र्याचा डबा? चिखली, भोसरी, चाकण गाड्यांचे पत्रे ठोकतात, आणि आम्ही इंजिनिअर होणारी पोरं डबासुद्धा विकत आणतो!

माझं ते काचेचं कॅबिनेट अजून कपाटावर आहे, त्यात आता चपला ठेवते. पुढचं मी स्वतः बनवणार आहे. ड्रॉइंग तयार आहे. पप्पांनी तपासलं, आणि एक माप चुकलंय म्हणाले. पण यावेळी कागदावर चुकलंय, त्याला पैसे पडत नाहीत.