विश्लेषण : इको, सिटी की स्पोर्ट? राजूर घाटात मोटारीचा कोणता ‘मोड’ कामाचा?

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटातून मलकापूर रेल्वे स्थानक गाठायचे तर राजूर घाट उतरावा लागतो. मुंबई किंवा नागपूरला मोटारीने जायचे तर समृद्धी महामार्ग आहे. गावचा रस्ता, घाट आणि द्रुतगती महामार्ग या तिन्हींवर गाडी वेगवेगळ्या पद्धतीने चालवावी लागते. नव्या मोटारींत त्यासाठी ‘ड्राइव्ह मोड’ मिळतात. पण या बटणाने नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही?

मोड बदलला की काय होते?

अॅक्सिलरेटर किती दाबला, हे नव्या मोटारींत सेन्सर संगणकाला कळवतो आणि इंजिनाने किती जोर लावायचा ते संगणक ठरवतो. मोड बदलला की हे गणित बदलते. इकोमध्ये तेवढ्याच दाबाला गाडी सावकाश प्रतिसाद देते, ऑटोमॅटिक गिअर लवकर वरचा पडतो आणि काही गाड्यांत एसीचा भारही कमी होतो. स्पोर्टमध्ये गिअर उशिरा बदलतो आणि गाडी चटकन उसळी घेते. काही मोटारींत स्टिअरिंगही जड होते. टाटा नेक्सॉनमध्ये इको, सिटी, स्पोर्ट, तर महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या डिझेल गाडीत झिप, झॅप, झूम अशी नावे आहेत.

घाट चढताना कोणता मोड?

खरा धोका ओव्हरटेकचा. ताशी ६० किमी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चढावर ट्रक ओलांडताना इकोमुळे जोर यायला उशीर झाला, तर तितका जास्त वेळ गाडी समोरच्या वाहनाच्या वाटेत राहते. म्हणून चढ लागण्याआधीच नॉर्मल किंवा सिटी मोड घ्यावा. वळणावर मात्र ओव्हरटेक कोणत्याच मोडमध्ये करू नये.

उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ केल्यास इंधन वाचते का?

नाही. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा बहुतांशी थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच. शिवाय इंजिनाची रोखून धरणारी ताकद जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. उतारावर खालचा गिअर हाच उपाय आहे. ऑटोमॅटिकमध्ये ‘एल’ किंवा मॅन्युअल पर्याय निवडावा. काही गाड्या इकोमध्ये पाय काढताच इंजिन चाकांपासून वेगळे करतात. अशा गाड्यांत घाटात इको नकोच. इलेक्ट्रिक गाडीत ‘रीजन’ वाढवता येते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ते कमी काम करते.

समृद्धीवर इको पुरेसा आहे का?

तिथे मोडपेक्षा वेग महत्त्वाचा. मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी १२० किमी आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किमीच्या तुलनेत १२० ला तो ४४ टक्के जास्त असतो. म्हणजे इंधन वाचवायचे तर बटणापेक्षा वेग कमी करणे जास्त फायद्याचे. १२० च्या वेगात एका सेकंदाला ३३ मीटर मागे पडतात, हेही विसरू नये.

पावसाळ्यात, चिखलात काय?

‘मड’, ‘सँड’, ‘स्नो’ हे ट्रॅक्शन मोड वेगळे. चाक घसरू लागले की किती फिरू द्यायचे आणि कुठे ब्रेक लावायचा, हे ते ठरवतात. ह्युंदाई क्रेटाच्या काही प्रकारांत ते मिळतात. पण फक्त पुढची चाके ओढणारी गाडी त्यामुळे ‘फोर बाय फोर’ होत नाही. काळ्या मातीत गुळगुळीत टायर रुतणारच. डांबरी रस्त्यावर आल्यावर पुन्हा नॉर्मल करावे.

चालत्या गाडीत मोड बदलावा का?

इको, सिटी, स्पोर्ट बहुतेक मोटारींत चालताना बदलता येतात. तरी ते सरळ रस्त्यावर आणि नजर न हटवता बदलावेत, कारण पाय तिथेच असताना गाडी अचानक जोर घेऊ शकते. गाडी पुन्हा सुरू केल्यावर कोणता मोड राहतो, हे प्रत्येक मोटारीत वेगळे असते. त्यासाठी हस्तपुस्तिका पाहावी.

थोडक्यात, मोडने गाडीचा प्रतिसाद बदलतो. ओल्या घाटात थांबायला लागणारे अंतर टायर, ब्रेक आणि वेगच ठरवतात.