सातबाऱ्यावर तिचे नाव कोठे आहे?

वाचकहो, कापूस वेचणीच्या दिवसांत महागाव तालुक्यातील कोणत्याही शिवारात जाऊन उभे राहा आणि वाकलेल्या पाठी मोजा. त्या बहुतेक स्त्रियांच्याच आहेत असे तुम्हांस दिसेल. बी टोबणारी ती, निंदणारी ती, वेचणारी ती. नंतर त्याच शिवाराचे सातबारे काढून पाहा. तेथे नाव सासऱ्याचे, नवऱ्याचे किंवा दिराचे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहिवाटदारांमध्ये स्त्रिया शेकडा १४ च्या आसपास होत्या. जी शेत कसते ती शेतकरी नव्हे, असा निवाडा हे दप्तर देते. आणि याच दप्तराच्या पायावर विकासाच्या योजना रचल्या जातात.

भारताने १९९३ साली स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याचे १४ वे कलम ग्रामीण स्त्रियांसाठीच आहे. विकासाची योजना आखताना व राबविताना त्यांना भाग मिळावा, कर्जात व जमीनसुधारणेत त्यांना समान वागणूक मिळावी, असे ते सांगते. पुढे २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून यवतमाळसह १५ जिल्ह्यांसाठी कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यात शेतकऱ्याने वैयक्तिक अनुदान मागावयाचे तर सातबारा व आठ-अ जोडावयाचा होता. ज्या कष्टकरी स्त्रीचे नाव त्या कागदांवर नाही तिने काय जोडावे? हाताचे घट्टे? येथे कोणी दुष्ट कारकून असण्याची गरजच नाही. अन्याय अर्जाच्या नमुन्यातच छापलेला असतो. समतेचे ज्ञान कराराच्या पानात राहिले. ते अर्जाच्या पानापर्यंत पोहोचलेच नाही.

यावर शहाणे लोक म्हणतात, खेड्यातील स्त्रीला आधी शिकविले पाहिजे. तिला धोरण काय कळते! हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरास अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. खुद्द बाबासाहेब तेथे उपस्थित होते. त्या स्त्रियांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वास बंदी मागितली, गिरण्यांत व विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठी रजा मागितली. हे धोरण नव्हे तर काय? विकासाच्या हिशेबातून स्त्रीचे श्रम वगळले जातात, हे जगाच्या अर्थतज्ज्ञांनी एस्टर बोसेरप यांच्या १९७० च्या ग्रंथावरून शिकावयास आरंभ केला. आमच्या स्त्रियांचे ज्ञान त्याहून २८ वर्षे जुने. परंतु ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून त्या पिढीच्या आठवणी गोळा केल्या आणि १९८९ साली ग्रंथरूपाने दिल्या, तोवर त्या विखुरलेल्याच होत्या. ज्ञान नव्हते असे नव्हे. ते विचारले गेले नाही.

ज्ञान नियमात उतरले म्हणजे काय होते, त्याचेही उदाहरण आपल्याच घरचे आहे. भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे सेनापती दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्धांस जमीन देण्याची योजना आहे. तीत जमीन पतिपत्नी दोघांच्या नावे होते. विधवा व परित्यक्ता यांना प्राधान्य मिळते. एका ओळीच्या नियमाने जे साधते ते शंभर भाषणांनी साधत नाही.

परंतु केवळ सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. हिंदू कोड बिल रखडविले गेले, आणि बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्याचे हे एक प्रमुख कारण होते. वारसाचा कायदा १९५६ साली झाला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच वाटा मिळाला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मग आपल्या घरांत हक्कसोडपत्रावर बहिणीचा अंगठा कोण घेतो? भाऊबीजेच्या ओवाळणीत तिचे शेत फेडून घेणारा जर पंचशील म्हणत असेल, तर न दिलेले घेऊ नये या शीलाचा अर्थ त्याने पुन्हा एकदा शिकावा.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती सभा सह्यांपुरती राहू देऊ नका. तेथे प्रत्येक योजनेचा नियम मराठीत, तांड्यावर गोरमाटीत, मोठ्याने वाचला जावा. आणि तो कोठे अडतो हे स्त्रियांच्या तोंडून लिहून घेऊन वर पाठविले जावे. मुंबईस, दिल्लीस, कर्ज देणाऱ्या बँकेसही. ज्ञानाची वाट दोन्ही बाजूंनी चालती झाली पाहिजे.

आणि वाचकहो, हा अंक खाली ठेवताच आपल्या घरचा सातबारा काढा. त्यावर तिचे नाव नसेल तर समतेवरील पुढचे भाषण करण्यापूर्वी तलाठ्याकडे जा.