घरचें शास्त्र : न सुटणारा बोल्ट

गेल्या अंकांत कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांविषयीं चार शब्द लिहिले होते. या खेपेस त्यांहून पुष्कळच हट्टी अशा एका वस्तूविषयीं लिहावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे मोटारीच्या एंजिनांत गंजून बसलेला बोल्ट. हा विषय मिस्त्रीलोकांचा, निवृत्त शिक्षकाचा नव्हे, असें वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरीं जुनी मोटार आणि हौशी पुतण्या एकत्र नांदतात, त्या घरीं हा विषय केव्हां ना केव्हां उंबरठा ओलांडून आंत येतोच. शिवाय प्रस्तुत लेखकास त्यापासून जो धडा मिळाला, तो केवळ यंत्रशास्त्राचा नव्हता.

आमचें घर रत्नागिरीस आहे. धाकट्या बंधूंनीं २००४ सालीं घेतलेली मारुती ८०० गाडी अद्यापि आमच्या पडवीशेजारीं उभी असते. १९८३ सालीं प्रथम रस्त्यावर आलेल्या या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. तरीहि तिचें तीन नळकांड्यांचें लहानसें एंजिन आमची सेवा इमानानें करीत आहे. गेल्या चैत्रांत धाकट्या भावजयीच्या डोळ्यांची तपासणी कोल्हापुरास सोमवारीं ठरली होती, आणि नेमकें शुक्रवारीं एंजिन तापूं लागलें. आंबा घाट चढून जावयाचा, आणि तपमानाचा कांटा बाजारापर्यंतच्या फेरींतच लाल रेघेला टेकलेला! सुटींत घरीं आलेल्या पुतण्यानें निदान केलें कीं, थर्मोस्टॅट बिघडला आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसें तापलें कीं उघडणारी व त्याला रेडिएटरकडे वाट करून देणारी झडप. ती मिटलेलीच राहिली, तर एंजिन तापतें.

नवी झडप स्वस्तांत मिळाली. जुनी काढण्यासाठीं तिच्यावरील झांकणाचे बोल्ट सोडवावयाचे होते. पहिला सुटला. दुसऱ्यावर चिरंजीवांनीं सरकता स्क्रू पाना लावला. तो निसटला, आणि बोल्टाचे सहा कोपरे झिजून त्याचें डोकें सुपारीसारखें गोल झालें. मीं त्याला बरेंच सुनावलें. "योग्य साधनाची निवड ही अर्धी विद्या," वगैरे चाळीस वर्षें वर्गांत वापरलेलीं वाक्यें बाहेर पडलीं. तो बिचारा "बरें, अण्णा," म्हणून चांगला पाना आणावयास बाजारांत गेला. इकडे मीं मात्र पकड पाना त्या डोक्यावर घट्ट आवळला, त्याच्या दांड्यावर हातभर लांब नळी चढविली आणि अंगांतील सारें बळ लावलें. कट् असा आवाज झाला, आणि बोल्टाचें डोकें माझ्या हातांत आलें.

तें असें कां झालें, हें आधीं पाहूं. लोखंड गंजलें म्हणजे त्याचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या अरुंद फटींत ही जागा मिळत नाहीं, म्हणून गंज पाचरीसारखा आवळत जातो. आमच्या बोल्टाची स्थिति तर याहून कठीण. बोल्ट पोलादाचा आणि तो ज्यांत बसला तें अंग ॲल्युमिनियमचें. दोन भिन्न धातूंना खारट ओलावा मिळाला कीं विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते; तींत ॲल्युमिनियम झिजतें व त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटून बसते. समुद्रकांठच्या हवेला यासाठीं आमंत्रण लागत नाहीं.

आतां थोडें गणित. हा बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचा, त्याच्या डोक्यास दहाचा पाना लागतो, आणि एका फेऱ्यांत तो एक मिलिमीटर सरकतो. पान्याचा दांडा १५० मिलिमीटर लांब धरला, तर एका फेऱ्यांत हात सुमारें ९४२ मिलिमीटर फिरतो. म्हणजे मनुष्याच्या साध्या बळाचें केवढें प्रचंड बळ होतें, हें वाचकांनींच पाहावें. तें बहुतेक घर्षणांतच खर्ची पडतें. पण आटे जखडलेले असतील, तर तेंच बळ बोल्टाला पिळण्यांत जातें. आट्यांच्या तळाशीं या बोल्टाची जाडी पांच मिलिमीटरांहूनहि कमी भरते. तिच्यावर हातभर नळीची तरफ चालविणारा मनुष्य चाळीस वर्षें गणित शिकवीत होता, हें लिहितांना संकोच वाटतो.

योग्य रीति अशी. एंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी व डोळ्यांवर चष्मा चढवावा. नंतर तारेच्या ब्रशानें आट्यांभोंवतालची घाण काढून गंज सोडविणारें पातळ तेल द्यावें आणि धीर धरावा. एक रात्र गेली तरी ती वायां जात नाहीं. डब्ल्यूडी-४० हें सुप्रसिद्ध द्रव्य १९५३ सालीं मुख्यतः ओलावा दूर सारण्यासाठीं निघालें. तें उपयोगी पडतें, परंतु खास गंजासाठीं केलेलीं तेलें आट्यांत अधिक खोल शिरतात. मधून मधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनें सरळ, बेताचे ठोके द्यावेत. त्यांनीं गंजाला भेगा पडतात व तेलाला वाट मिळते.

पाना निवडतांना सहा कोनांचा गोटी पाना घ्यावा. बारा कोनांचा पाना कोपऱ्यांवर जोर देतो. सहा कोनांचा सपाट बाजू धरतो, त्यामुळें कोपरे वांचतात. सोडविण्यापूर्वीं बोल्ट किंचित् आवळण्याच्या दिशेनें हलवून पाहावा, मग उलट फिरवावा. थोडासा सुटला तरी आनंदानें गरगर फिरवूं नये. पाव फेरा मागें, थोडा पुढें, पुन्हां तेल, असें करीत आणावा.

डोकें गोल झालेंच, तर कानशीनें त्याच्या दोन समोरासमोरील बाजू सपाट करून लहान पाना बसवितां येतो. किंवा दहाच्या डोक्यावर तीन अष्टमांश इंची गोटी पाना हातोडीनें ठोकून चढवावा. त्याचें माप ९.५ मिलिमीटरांहून किंचित् अधिक असल्यानें तो घट्ट चावतो. उष्णतेचाहि चांगला उपयोग होतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून भोंवतालचें अंग गरम हवेच्या यंत्रानें तापविलें असतां बोल्टाभोंवतीं किंचित् पोकळी होते. मात्र तेल पुसून टाकल्यावांचून तापवूं नये, आणि पेट्रोलच्या नळ्यांजवळ उघडी ज्योत मुळींच नेऊं नये.

बोल्ट आंतच मोडला, तर त्याच्या बरोबर मध्यावर पंचानें खूण करून भोंक पाडावें लागतें. त्यांत ठोकून उलट फिरविण्याचें जें हत्यार मिळतें, तें फार कठीण पोलादाचें असतें. तें आंत तुटलें, तर साध्या ड्रिलचें त्यावर कांहीं चालत नाहीं. त्या टप्प्यावर अभिमान सोडून जाणत्या मिस्त्रीकडे जावें, हेंच शहाणपण.

असो. पुतण्या परत आला. त्यानें मोडलेला बोल्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां नवा पाना कपाटांत ठेवला. सायंकाळीं बंधु आले. "हा कोणीं मोडला?" असें विचारतांना त्यांची दृष्टि मुलाकडे वळली. कोपरे आधीं त्याच्याच हातून झिजले होते, तेव्हां पुढचेंहि त्याचेंच, असें त्यांनीं गृहीत धरलें. "परवां आईला काय खांद्यावरून नेणार आहेस?" एवढेंच ते म्हणाले. मुलानें मान खालीं घातली. तो बोलला नाहीं आणि, लिहावयास लाज वाटते, पण मींहि बोललों नाहीं. रात्रीं पानावर बसल्यावर माझ्यानें घास गिळवेना. शेवटीं आमटी वाढणाऱ्या भावजयीदेखत मीं सांगितलें, "बोल्ट मीं मोडला. तो तर पाना आणावयास गेला होता."

क्षणभर कोणीं कांहींच बोललें नाहीं. मग बंधु म्हणाले, "अण्णा, आपण नळी लावली असेल." मीं मान डोलाविली. मुलानें वर पाहिलें आणि म्हणाला, "अण्णा, मोडला तो डोक्याखालींच मोडला आहे. झांकण निघालें तर उरलेला भाग वर राहील. तेल घालून ठेवतों."

आणि तसेंच झालें. डोकें गेल्यामुळें झांकण हलक्या ठोक्यांनीं सुटून आलें, आणि बोल्टाचा बोटभर तुकडा उभा राहिला. रात्रभर तेल, दुसऱ्या दिवशीं तीनदां ऊब व तीनदां गारवा, आणि रविवारीं दुपारीं पकड पान्यानें तो तुकडा शांतपणें फिरूं लागला. फिरविणारा हात पुतण्याचा होता. दिवा धरण्याचें काम माझ्याकडे होतें. आटे स्वच्छ करून नव्या बोल्टांना न चिकटण्याचें वंगण अगदीं पातळ लावलें. अशा लहान बोल्टास सुमारें एक किलोग्रॅम-मीटर आवळ पुरतो. वंगण असल्यास त्याहून थोडा कमीच. नवें गॅस्केट घातलें, पाण्याबरोबर कूलंट भरलें, कारण नुसतें पाणीच या दुखण्याचें एक मूळ आहे. सोमवारीं गाडी आंबा घाट न तापतां चढली.

मोडलेलें डोकें मीं माझ्या लिहिण्याच्या मेजावर ठेविलें आहे. पुतण्या तें फेंकून द्या म्हणतो. परंतु पुन्हां कोणास सुनावण्याचा प्रसंग आला, तर आधीं तें हातांत घेऊन पाहावें, असा बेत आहे.