गोळी चालेल, पंप नको!

दम्याचं निदान घरचे एक वेळ पचवतात, पण ‘पंप’ म्हटलं की चेहरे उतरतात. “डॉक्टर, गोळी द्या. पंपाची सवय लागते, आणि मुलगी लग्नाची आहे.” इंदूरमध्ये हे मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे.

सवय लागत नाही. हिशेबच पाहा ना. साल्बुटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत 40 पफचं औषध, तेही अंगभर फिरून फुप्फुसात पोचणार. हात थरथरतात, धडधडतं ते म्हणूनच.

मला खरी काळजी वाटते ती पंप लपवून वापरणाऱ्या तुम्हा मुलांची. पर्समध्ये फक्त निळा पंप असतो. त्यानं श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात. आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री जिवावर बेतते. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नका, असं ‘जीना’ची जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही 2019 पासून सांगतात. सोबत सूज उतरवणारं, ओढून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. हा शब्द ऐकून आजी दचकेल. तिला सांगा, मात्रा इथेही मायक्रोग्रॅममध्येच असते. घेतल्यावर चूळ मात्र भरा.

निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागतोय? मग डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा.